साथीचे गणित साथ येण्याआधी मांडायला हवे

डेंग्यूचा रुग्ण तपासताना आम्ही डॉक्टर त्याचा ताप, रक्तदाब, प्लेटलेट्स पाहतो. पण पुढच्या महिन्यात खडकीत असे किती रुग्ण येतील, किती खाटा लागतील, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी गणित लागते.

वैद्यकाचा गणिताशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध जुना आहे. १९०५-०६ मध्ये मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याची नोंद ठेवली गेली होती. १९२७ मध्ये मॅकेंड्रिक आणि केरमॅक यांनी साथीची समीकरणे मांडली आणि ती याच आकड्यांवर ताडून पाहिली. मॅकेंड्रिक भारतात नोकरी केलेले डॉक्टर, केरमॅक रसायनशास्त्रज्ञ.

त्यांच्या गणिताचे सार सोपे आहे. एका रुग्णापासून दोघांना लागण होत राहिली, तर दहाव्या फेरीत १०२४ नवे रुग्ण होतात. हाच आकडा सरासरी एकाच्या खाली आला, की साथ ओसरते. म्हणूनच शेवटचा डास मारावा लागत नाही. डास पुरेसे कमी झाले तरी पुरते.

२०२० मध्ये कोविड आल्यावर केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने अशा गणितासाठी खास अनुदान जाहीर केले. चांगलेच झाले, पण तोवर साथ दारात आली होती. अमेरिकेत २०१८ मध्येच, म्हणजे कोविडच्या आधी, सरकारी विज्ञान संस्था आणि सायमन्स फाउंडेशन यांनी मिळून गणित व जीवशास्त्राची चार संयुक्त केंद्रे उभारली होती.

पुण्यात माणसांची कमतरता नाही. २०२० मध्ये आयसर आणि पुणे विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांबरोबर शहरातल्या पाच प्रभागांत १६६४ जणांचे रक्त तपासले, ५१.५ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे सापडली. नोंद झालेल्या रुग्णांपेक्षा लागण कितीतरी अधिक पसरली होती.

माझे मत स्पष्ट आहे. साथ नसतानाही हा पैसा सलग मिळायला हवा, आणि त्यातला काही भाग नोंदी ठेवणाऱ्यांसाठी राखायला हवा. खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, शेजारची बोपोडी पुणे महापालिकेत, नदीपलीकडची दापोडी पिंपरी-चिंचवडमध्ये. डासाला या हद्दी कळत नाहीत. तिन्हीकडचे आकडे एकत्र आले नाहीत, तर उत्तम गणितज्ञही काय करणार?

तुमच्याही हातात एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी विचारले, की ताप नेमका कोणत्या तारखेला आला ते आणि सध्या राहता तो पत्ता अचूक सांगा. या गणिताची सुरुवात तिथूनच होते.