मटण 'मिक्स' मागू नका

रविवारी सकाळी गंगापुरातल्या कुठल्याही मटणाच्या दुकानापुढं उभं राहा. बहुतेक गिऱ्हाइकं एकच बोलतात, "अर्धा किलो द्या, मिक्स." मग खाटीकही सत्तूर उचलतो आणि पुढं येईल ते तोडत जातो. मी खाटकाच्या घरातला. आयुष्य ओंडक्यामागं गेलं. या 'मिक्स'मुळं गिऱ्हाईक नागवलं जातंय आणि आमची कारागिरीही बुडतेय, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोललेला बोकड टांगला की जाणत्याला त्याचे भाग लगेच दिसतात. पुढचा फरा धडाला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या मांसावर बसलेला असतो. पाय उचलून धरायचा, काखेतून सुरी फिरवायची, अख्खा फरा हातात येतो. हाडाला धक्का नाही. मागची मांडी खुब्यात बसलेली असते. तिथं सांधा बोटानं चाचपायचा, सुरीचं टोक आत घालायचं, की ती सुटते. मग मान, सीना, दोन्ही बाजूंच्या १३-१३ फासळ्या, पाठीची चाप. सत्तूर लागतो तो शेवटी, तुकडे करताना. सांधे न बघता सरसकट तोडलं की हाडाच्या चिपा उडतात आणि त्याच लेकरांच्या घशात टोचतात.

शिजायलाही हे भाग सारखे नाहीत. चरणाऱ्या जनावराची मान आणि पाय दिवसभर राबतात, म्हणून तिथलं मांस चिवट. त्याला वेळ द्यावा लागतो, पण रस्सा खावा तर त्याचाच. चाप लवकर शिजते. दोन्ही एकाच कुकरात घातलं की एक गळून जातं, दुसरं दाताला लागतं, आणि "जून बोकड दिला" म्हणून बोल आम्हाला.

हे ज्ञान एकट्या खाटकांचं कधीच नव्हतं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांनी जनावराचा कुठलाच भाग वाया जाऊ दिला नाही. त्यांचा स्वयंपाक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मांडला, तोही २०१५ साली. इतकी वर्षं तो फारसा कुणाला लिहून ठेवावासा वाटला नाही, याचं मला वाईट वाटतं. गावात मटणाचे वाटे घालायचे तेव्हा जाणती माणसं बसायची. कुणाच्या वाट्याला नुसती हाडं जाऊ नयेत म्हणून प्रत्येक वाट्यात मांडीचा, फऱ्याचा, सीन्याचा तुकडा बघून टाकायची. मिक्स म्हणायचं तर ते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दुकानात बोकडाचं चित्र आणि भागांची मराठी नावं असलेला फलक लागावा, आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा लिहावा. नगर परिषदेनं परवाना देतानाच ही अट घालावी.

मान आणि सीना मग कोण नेणार, असं आमच्यातलेच काही विचारतात. वाळूजच्या कंपनीत रोजानं जाणाऱ्याचं घर महागाईनं पाव किलोवर आलंय. मानेचा भाव मांडीपेक्षा उतरवला तर तेच घर अर्धा किलो नेईल. मांडीला चार पैसे जास्त मोजणारे हॉटेलवाले आहेतच.