आमच्या घरातला आवाज

आमच्या घरी दिवाळीत मोठा बॉक्स आणला. त्यावर टीव्ही, गाणी, मॅच सगळे लागते. गाणी मलाही आवडतात. पण माझ्या मते आमच्या घरात आवाज फार मोठा असतो.

पहिल्या दिवशी आकडा १२ वर होता. मग १२ कमी वाटू लागले. आता २५ वर असतो. दादा म्हणतो, कानाला सवय झाली. मला हे पटत नाही. बॉक्स बंद केला की त्याच्याच कानात शीळ वाजते, असे तो आईला सांगत होता. सवय झाली तर शीळ कशाला वाजेल?

बाईंनी सांगितले, कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात बारीक केस असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्यांच्यामुळे ऐकू येते. फार मोठ्या आवाजाने त्या मरतात. दुधाचा दात पडला तर नवा येतो, माझे आले. पण या पेशी पुन्हा येत नाहीत.

बाई आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी मोबाईलवर आवाज मोजला. आम्ही बसतो तिथे ९० डेसिबल भरला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो, पण ९० असेल तर फक्त ४ तास. आमचे ४ तास एका रविवारीच संपतात!

लग्नाच्या डीजेला सगळे नावे ठेवतात. रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला बंदी पण आहे. पण डीजे एका दिवसाचा, बॉक्स रोजचा. घरात बंदी कोण करणार?

माझ्या आजोबांनी ३० वर्षे पिठाची गिरणी चालवली. कानात बोळे घातले नाहीत. आता त्यांना म्हशीचे ओरडणे ऐकू येते, चिमणीची चिवचिव येत नाही. आपण बोललो तर आवाज कळतो, शब्द कळत नाही. त्यामुळे ते पारावर जायचे बंद झाले. लोक हसतात आणि हे नुसते बघत बसतात, मला लई वाईट वाटते. आजोबांना पोटासाठी गिरणीत उभे राहावे लागले. आम्हाला कोणाची सक्ती आहे?

शिवाय आमची छोटी आठ महिन्यांची आहे. ती त्याच खोलीत झोपते आणि दचकून उठते. तिला तर 'कमी करा' असे म्हणताही येत नाही.

म्हणून मला वाटते, आईने स्वयंपाकघरातून साधी हाक मारली तरी ऐकू यावी, एवढाच आवाज ठेवावा. त्यात गाणे नीट कळते, मी लावून पाहिले आहे.

आमच्या बॉक्सला गोल बटण आहे. मी १२ च्या रेघेवर आईची टिकली चिकटवली आहे. दादाने ती दोनदा पुढे सरकवली. मी दोनदा मागे आणली. आण्णा २६ जानेवारीला झेंडावंदनाला शाळेत येतील तेव्हा हे वाचतील. आण्णा, टिकली मी लावली आहे, छोटीने नाही.