घड्याळाच्या आधी उठणारे माणूस

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी. चार शब्द बोलायचे आणि आपापल्या वाटेने जायचे. दिवाळी अंकात मात्र संपादक बसायला पाट देतात. तेव्हा आज जरा ऐसपैस बसून घरातलीच एक गोष्ट सांगतो.

गोष्ट आहे सकाळी उठण्याची.

आमचे बिऱ्हाड डोंबिवलीला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसे पाच : माझी आई, आमची सौ., कन्या मनू, चिरंजीव बाबू आणि मी. या घराला रोज सकाळी उठविणे म्हणजे कुंभकर्णाच्या कानाशी ढोल बडविण्यासारखे आहे. हाका होतात, पांघरुणे ओढली जातात, शेवटी धमक्या होतात. पण वर्षातून एक दिवस निराळाच उगवतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेचारला बाबू आपणहून पाटावर येऊन बसतो. मनूला दुसरी हाक मारावी लागत नाही. तेलाची वाटी, उटण्याचा वास, दाराशी कारीट फोडायची घाई. मुले तीच, घर तेच, गजराचे घड्याळही तेच. मग एरवीच यांना काय होते?

हे कोडे मला कित्येक वर्षे सुटले नव्हते. ते सुटायला माझ्या हातून एक मोठी चूक व्हावी लागली. सांगायला संकोच वाटतो. पण दिवाळीला घर झाडायला काढल्यावर कोपऱ्यातला केर तरी कशाला लपवायचा?

२०२४ सालच्या जूनची गोष्ट. मनू तेव्हा सातवीत गेली होती, बाबू दुसरीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने ठरविले होते की, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण मनूची शाळा सव्वासातची राहिली आणि बाबूची नऊची झाली. त्यामुळे आमच्याकडे एकच सकाळ रोज दोनदा होऊ लागली. पावणेसातला व्हॅनचा भोंगा वाजे तेव्हा मनूचा एक मोजा बेपत्ता असे. तिला खाली पोहोचवून परत यावे तो बाबू दात घासता घासता मोरीतच पेंगत असे. आणि मी दाढीचा साबण तोंडाला लावून विचारीत असे, “माझा रुमाल कुठं आहे?” सौ. एका हाताने डबा भरीत, दुसऱ्या हाताने गॅस बारीक करीत सांगे, “कपाटात, दुसऱ्या खणात. उजवीकडे.”

मी पेशाने हिशेबनीस. रकाने नीट आखले की जग सुरळीत चालते अशी माझी श्रद्धा. एका रविवारी मी मोठा पुठ्ठा आणला आणि तीन रंगांच्या शाईने घराचे वेळापत्रक तयार केले. रकाने चार : मनू, बाबू, आई आणि मी. ओळी एक्केचाळीस. उठणे, दात घासणे, दूध, स्नान, दप्तर, पाढे, खेळ, शुद्धलेखन – काही म्हणून सोडले नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे कुठेसे वाचले होते, म्हणून खाली एकवीस चौकोनही आखले. रोज एकात बरोबरची खूण करायची.

चार खुणा झाल्या. पाचव्या दिवशी पावसाने शाळेला सुट्टी मिळाली. सहाव्या दिवशी पाहुणे आले. सातव्या दिवशी मीच आठ वाजता उठलो. पुठ्ठा भिंतीवर तसाच राहिला आणि पुढे त्याच्यामागे दुधाची बिले खोचण्याची छान सोय झाली.

गणपती आले आणि गेले. विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहतो तो सौ. ओट्यापाशी खाली पडलेली. तवा तापलेला, अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर, आणि तिचा चेहरा कणकेसारखा पांढरा.

दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन. बायकांचे ते निदान बारा तरी असावे लागते. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि मग सहज म्हणाले, “जेवता केव्हा?”

“सगळ्यांचं झालं की,” सौ. म्हणाली.

“म्हणजे किती वाजता?”

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. दोघांनाही उत्तर देता आले नाही.

डॉक्टर म्हणाले, “हे तुमच्या एकट्यांचं नाही.” आणि ते खरेच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले आहे. पण आकड्यांत आपले माणूस दिसू लागले की आकडा वेगळाच लागतो.

घरी आलो आणि त्या पुठ्ठ्यापुढे उभा राहिलो. चार रकाने. माणसे पाच. तीन महिने तो पुठ्ठा भिंतीवर होता. पण ही वजाबाकी माझ्या ध्यानात आली नव्हती. मी तिला विसरलो होतो असेही नव्हे. माझ्या लेखी ती वेळापत्रकातले माणूस नव्हतीच. ती घड्याळ होती. आणि घड्याळाला का कोणी वेळापत्रक लावून देते?

पुढे एकदा सरकारी पाहणीतले आकडे वाचनात आले. २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचा हिशेब घेतला गेला. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाकाठी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारे शंभरात सव्वीस आणि त्यांची मिनिटे ९७. मी त्या सव्विसांतही नव्हतो. माझा हात रुमालापर्यंतच जात होता, तोही दुसऱ्या खणापर्यंत पोहोचत नव्हता.

डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. मी कचेरीतून पंधरा दिवसांची रजा काढली आणि घर हातात घेतले. पहिल्याच सकाळी दूध उतू गेले, भाजीत मीठ राहिले आणि बाबू शाळेत गेला तो मनूची पाण्याची बाटली घेऊन. पण त्या दिवशी मला एक शोध लागला. सकाळ ही सकाळी सुरू होतच नाही. ती आदल्या रात्री सुरू होते. मटकी भिजलेली असावी लागते, गणवेशाला इस्त्री झालेली असावी लागते, वहीवर पालकांची सही झालेली असावी लागते. माझ्या एक्केचाळीस ओळींत यातले काहीच नव्हते. सौ. हे सगळे डोक्यात ठेवून सर्वांत शेवटी झोपत होती आणि सर्वांत आधी उठत होती.

त्या रात्री मी नवा पुठ्ठा घेऊन बसलो तेव्हा आई माळ ओढता ओढता थांबली. म्हणाली, “अरे, भिंतीत चाळीस खिळे ठोकलेस तर भिंत पडेल. दोन खुंट्या ठोक, पण घट्ट. बाकीचं त्यांवर टांगून राहतं.”

आम्ही लहान असताना तिने नेमके हेच केले होते. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, शुभंकरोती, परवचा, मग पंगत आणि मग अंथरूण. ती फार कडक होती असे नाही. पण ‘आता काय करायचे’ हे कोणाला आठवावे लागत नसे. दिवा लागला की पुढचे आपोआप होई. आता मात्र ती खुंटी मला तशीच ठोकता येणार नव्हती. दिवेलागणीला मी लोकलमध्ये दाराशी उभा असतो आणि मनू शिकवणीला असते. नव्या भिंतीला नवी जागा शोधायला हवी होती.

आम्ही दोन वेळा पक्क्या केल्या. पहिली रात्री सव्वाआठची : सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचे. भांडी मध्ये ठेवायची, ज्याने त्याने वाढून घ्यायचे. पहिली पोळी सौ.च्या पानात. दुसरी पावणेनऊची : दप्तरे भरून दाराशी, गणवेश खुर्चीवर, मटकी पाण्यात आणि घरातले सगळे फोन आजीच्या पितळी डब्यात. नऊला दिवा बंद.

नऊच का? तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे. तेरा ते अठरा वर्षांच्यांना ८ ते १०. मनूला सहाला उठायचे तर नऊला डोळा लागायला हवा. साधी वजाबाकी. मी तिला सहाला उठवीत होतो आणि अकराला झोपू देत होतो. वर आळशी म्हणत होतो.

पहिला आठवडा बरा गेला. मग मी कचेरीत रुजू झालो, आणि एके रात्री डबा फिरला तेव्हा म्हणालो, “माझा राहू दे, कचेरीचं काम आहे.” काम नव्हते. क्रिकेटचा सामना होता.

बाबूने डब्यात डोकावून पाहिले. “बाबा, आत दोनच झोपलेत. आईचा आणि आजीचा. तुमचा कुठाय?”

मी त्याच्यावर ओरडलो. तो गप्प बसला, पण झोपला नाही. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठला. मग मनू उठली. सव्वादहाला आम्ही तिघे मिळून तो सामना पाहत होतो आणि आतल्या खोलीत सौ. जागी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा हरवला, व्हॅन गेली, आरडाओरडा झाला. सगळे जुने दिवस एका रात्रीत परत आले.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलांसमोर म्हणालो, “काल माझं चुकलं.” आपल्याकडे बापाने हे म्हणायची पद्धत कमी आहे. मनूने मान वर केली नाही. पण जेवण झाल्यावर पितळी डबा तिनेच आणला आणि पहिल्यांदा माझ्यापुढे धरला.

ते एकवीस दिवसांचे प्रकरणही मी मग जरा खणून पाहिले. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन शल्यवैद्याने १९६० साली पुस्तक लिहिले. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना आपला नवा चेहरा सरावाचा व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लोकांनी त्यातला ‘निदान’ गाळला आणि चेहऱ्याच्या जागी सवय घातली. पुढे २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींवर लक्ष ठेवले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे निघाले. कोणाला १८, तर कोणाला २५४. आणि माझ्यासारख्याला धीर देणारी गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तरी मागचे सगळे वाया जात नाही. माझ्या पुठ्ठ्याचा दोष हाच होता. एक चौकोन रिकामा राहिला की मी सगळा पुठ्ठाच रद्द समजत होतो.

आज या गोष्टीला वर्ष उलटून गेले आहे. आमचे घर आदर्श झाले असे कोणी समजू नये. मोजे अजूनही हरवतात. परीक्षेच्या दिवसांत नऊचे दहा होतात. लग्नाच्या मोसमात सव्वाआठची पंगत आठवड्यातून दोनदा मोडते. पण मोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते, त्यासाठी नवा पुठ्ठा आणावा लागत नाही. सौ.चे रक्त आता पुरेसे आहे. ते गोळ्यांनी वाढले. पण जेवणाची वेळ काही गोळीत मिळत नाही. सकाळी स्वयंपाकघरातला दिवा आठवड्यातले चार दिवस मी लावतो, तीन दिवस ती.

गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ मी विसरणार नाही. माझी पाळी होती. मनूची व्हॅन गेली होती, बाबू उठायचा होता. मी चहा केला आणि कप सौ.च्या हातात दिला. ती खिडकीशी बसली. एक घोट घेतला आणि थांबली. मला वाटले, साखर चुकली.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आपल्या घरचा चहा गरम असताना असा लागतो होय!”

पंधरा वर्षे ती या घरात रोज चहा करीत होती.

त्या दिवशी माझे नरकचतुर्दशीचे कोडे सुटले. त्या पहाटे मुले घड्याळाच्या गजराने उठत नाहीत. ती उठतात, कारण घर आधीच उठलेले असते. पाणी तापलेले असते, तेल कोमट केलेले असते, रांगोळी पडलेली असते. आपल्यासाठी कोणीतरी जागे आहे, काहीतरी वाट पाहत आहे, एवढे कळले की मूल अंथरुणात राहत नाही. शिस्त लावणे म्हणजे दुसऱ्याला उठविणे असे मी समजत होतो. खरे तर ते आपण आधी उठणे आहे. फक्त ते आधी उठणारे माणूस वर्षानुवर्षे एकच असू नये.

वाचकहो, आपल्या घरी सकाळी पहिला दिवा कोण लावते आणि रात्री शेवटचा कोण मालवते, हे एकदा सवडीने पाहा. दोन्ही वेळा एकच नाव आले, तर पुठ्ठा आणण्याच्या आधी त्या माणसाला जेवायला बसवा.

येत्या नरकचतुर्दशीला साडेतीनला उठायचे मी ठरविले आहे. पाणी मी तापविणार, रांगोळी मनू काढणार आणि पहिला पाट सौ.साठी मांडणार. सगळी तयारी झाली आहे. तेलाची वाटी कोणत्या खणात असते, एवढे मात्र तिलाच विचारून ठेवले आहे.