माळ हरवली, पोरही हरवलं



या सदरात आपण एरवी बी-बियाणं, खतं आणि किडी-रोगांबद्दल बोलतो. आज मात्र एका घरातली हकीकत सांगणार आहे. घरधन्याला विचारूनच लिहितो आहे. गाव आणि नावं सांगत नाही. अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याची मर पाहायला एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. नेहमी बांधापर्यंत सामोरे येणारे मालक त्या दिवशी ओसरीवर डोकं धरून बसले होते. चहा झाला, पण हरभऱ्याचा विषय कुणी काढीना.

"काय झालं मालक?" मी विचारलं.

"सापाला दूध पाजलं साहेब. दुसरं काय!"

हळूहळू सगळं कळलं. वहिनींची धाकटी बहीण वारली तेव्हा तिचा मुलगा आठ वर्षांचा होता. बाप ऊसतोडीला गेला, तो परत आलाच नाही. वहिनींनी पोराला आपल्या घरी आणलं. आता तो चौदाचा होता. शुक्रवारी ट्रंक उघडली, तर सोयाबीनच्या पैशांतले ३,५०० रुपये कमी. आजींची बोरमाळही जागेवर नाही. भावकी जमली. "परक्याचं पोर ते परक्याचंच. उद्या जमिनीत वाटा मागेल. आधी हाकला," असं ज्यानं त्यानं सांगितलं. शनिवारी मालकांच्या भावानं पोराला गोठ्यातल्या खांबाला बांधून मारलं. पोरानं पैसे घेतल्याचं कबूल केलं. माळेचं मात्र "मी नाही घेतली" एवढंच म्हणत राहिला.

मालकांनी ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." दुसऱ्या दिवशी "अर्ज लिहून आणा." तिसऱ्या दिवशी अर्ज पाहून "पोरगं अठराच्या आतलं आहे, बघू" असं उत्तर मिळालं. मालक चिडून म्हणाले, "गरिबाला कोण विचारतो साहेब? दोन दिवस आत बसवला असता तर माळ कुठंय ते बोलला असता."

"पोरगा कुठं आहे?" मी विचारलं.

"पळाला शनिवारी रात्री. जाईल कुठं? पैसे संपले की येईल."

त्या दिवशी मंगळवार होता. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याचा स्वेटर इथंच राहिलाय."

मी अर्जाची प्रत मागून वाचली. माळेचं वजन, किती मणी, मधलं पदक कसं, नोटा कोणत्या, सगळं नीट लिहिलं होतं. पोराबद्दल शेवटी एकच ओळ होती : "संशयित मुलगा फरार आहे." चौदा वर्षांचं लेकरू तीन रात्री थंडीत घराबाहेर, आणि कागदावर तो फरार! हरवलेल्या माळेसाठी तीन खेपा झाल्या होत्या. हरवलेल्या पोरासाठी एकही झाली नव्हती.

आम्ही तिथंच दुसरा अर्ज लिहिला. पोराचं नाव, वय, अंगावरचे कपडे, शाळेतल्या ओळखपत्रावरचा फोटो, घर केव्हा सोडलं आणि मार बसला होता हेसुद्धा. मालक म्हणाले, "माराचं कशाला?" मी म्हणालो, "खरं तेच लिहायचं. नाहीतर उद्या तोच सांगेल आणि आपण खोटे ठरू." पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यात गेलो. या खेपेला गुन्हा त्याच संध्याकाळी नोंदला गेला. कारण हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी ती अपहरणाचा गुन्हा समजून लगेच नोंदवलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. ही गोष्ट ठाण्यात ठाऊक होती. आपल्यालाच ती मागता आली नव्हती.

गुरुवारी पोर सापडलं. जिल्ह्याच्या बसस्टँडजवळ एका चहाच्या गाड्यावर कप विसळत होतं. पोलिसांनी त्याला बालकल्याण समितीपुढे उभं केलं. समितीच्या बाईंनी मालकांना विचारलं, "हा तुमचा कोण? कागद काय आहे?" सहा वर्षं सांभाळलेल्या पोराचा एकही कागद घरात नव्हता. चौकशी होईपर्यंत पोर बालगृहात राहिलं.

दरम्यान दळणासाठी ज्वारीची कोठी रिकामी केली, तर तळाशी चिंधीत गुंडाळलेली बोरमाळ निघाली! दिवाळीत घर रंगवायला काढलं तेव्हा आजींनीच ती तिथं ठेवली होती आणि विसरल्या होत्या. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत.

मग पैसे का घेतले? बालगृहात मालक आणि मी भेटायला गेलो तेव्हा मीच विचारलं. बराच वेळ पोर खाली बघत राहिलं. मग म्हणालं, "काकांनी सोयाबीनच्या काढणीला बाहेरची माणसं लावली. त्यांना साडेतीनशे रोज दिला. मी दहा दिवस होतो. तेवढेच घेतले."

मालक काही बोलले नाहीत. पोरच पुढं म्हणालं, "घरातला असतो तर दादासारखा शाळेत गेलो असतो. गडी असतो तर साल ठरलं असतं. मी कोण ते मला कळत नाही."

बंधूंनो, त्या वाक्यानं मालकांइतकाच मीही खाली मान घालून बसलो. त्या शेतात मी वर्षभरात दोनदा या पोराला शाळेच्या वेळी पाठीवर पंप घेऊन फवारताना पाहिलं होतं. अठराच्या आतल्या मुलाला विषारी औषध फवारायला लावू नका, असं आम्हीच सभेत सांगतो. त्या दिवशी मात्र मी पंधरा लिटर पाण्यात औषध किती टाकायचं ते सांगितलं आणि पुढच्या शेतात गेलो. पोर कष्टाळू आहे म्हणून कौतुकही केलं. शाळेचं विचारलं नाही. मर लागली की हरभरा वरून पिवळा पडतो, पण रोग मुळाशी असतो. हे तीस वर्षं सांगणाऱ्या माणसानं इथं मूळ पाहिलं नाही.

याचा अर्थ चोरी बरोबर होती असा नाही. पोरालाही तसं स्पष्ट सांगितलं. मागायला हवे होते, न विचारता घ्यायला नको होते, आणि घेतलेले परत करायचेच. मालकांनी माळ घरातच सापडल्याचं ठाण्यात लेखी दिलं. पैशांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. मंडळानं पोराला समज दिली आणि समुपदेशनाला बोलावलं. पुढे समितीनं घरी येऊन चौकशी केली आणि पोर मावशीकडे परत आलं.

अशी वेळ कुणावर आली तर काय करावं, ते थोडक्यात लिहितो. कात्रण काढून ठेवा.

पहिलं म्हणजे घर नीट शोधा. कोठी, उतरंड, अंथरुणं, जुने डबे पाहून झाल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला शांतपणे दोनदा विचारा. दागिन्याची पावती आणि एक फोटो घरात असावा.

दुसरं, पोराला बांधू नका, मारू नका. मारानं माणूस न केलेलंही कबूल करतो. शिवाय सांभाळायला घेतलेल्या मुलाला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरीची फिर्याद द्यायला गेलेला माणूस स्वतःच आरोपी व्हायचा.

तिसरं, तक्रार लेखी द्या, दोन प्रतींत. एक प्रत ठाण्यात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवा. तोंडी सांगून परत येऊ नका. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर नोंदवून तिची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. नोंद करायला नकार मिळाला तर तोच मजकूर रजिस्टर टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. पोच नसेल तर यातलं काहीच जमत नाही.

चौथं, संशय अठराच्या आतल्या मुलावर असेल तर पोलीस त्याला कोठडीत टाकत नाहीत, म्हणून रागावू नका. कायद्यानंच तशी मनाई आहे. ताब्यात घेतलं तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अशा मुलाच्या साध्या चोरीत पहिली खबर न लिहिता स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला पाठवतात. सोबत मोठं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठाण्यात गेल्यावर "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?" असं विचारा आणि डायरीतल्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. "बघू" हे उत्तर घेऊन मात्र उठू नका.

पाचवं, पोर घरातून गेलं तर सगळं बाजूला ठेवून आधी ती तक्रार द्या. रात्री परत येईल म्हणून वाट पाहू नका. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, ११२ हा पोलिसांचा. दोन्ही फुकट लागतात.

सहावं, नात्यातलं पोर सांभाळत असाल तर कागद करून घ्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. पात्र मुलाला दरमहा अनुदानही मिळतं. भावकीची भीती असते म्हणून सांगतो : नुसतं सांभाळल्यानं जमिनीत वारसाहक्क लागत नाही. त्याला रीतसर दत्तकविधान लागतं. तेव्हा सात-बाराच्या धाकानं कुणी लेकराला उंबऱ्याबाहेर ठेवू नये.

परवा त्या घरी पुन्हा गेलो होतो. पोर शाळेत जातं. विहिरीजवळचे दोन गुंठे मालकांनी त्याच्या हवाली केले आहेत. त्यात तो मेथी-कोथिंबीर करतो, आठवडी बाजारात विकतो. निम्मे पैसे काकांच्या हातात, निम्मे स्वतःच्या खात्यात. ३,५०० पैकी ९०० फिटायचे राहिलेत. वहीत लिहिलेलं त्यानं मला दाखवलं.

भावकीतले काही जण अजून त्याच्याशी बोलत नाहीत. ट्रंकेला कुलूपही आहे. मालक म्हणाले, "साहेब, एकदम जमत नाही." मी म्हणालो, "नसू द्या." खारवटलेली जमीन एका पावसात सुधारत नाही, हे त्यांना मी काय सांगणार!

निघताना आजींनी हाक मारली. बोरमाळ गळ्यात होती. पोराला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "आता मी कुठं ठेवते ते यालाच सांगून ठेवते. मला आठवत नाही बाबा."

पुढच्या आठवड्यात घाटे अळीबद्दल बोलू. तोवर शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावून घ्या.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी