झेलीबाईंची लेस आणि आमच्या सभेची वेळ

परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच संदेश फिरत आला. आई नोकरीला गेली की घरातली जपमाळ थांबते, जपमाळ थांबली की मुलं भरकटतात, वगैरे वगैरे. खाली पवित्र मरियेचं चित्र आणि तीन हात जोडलेले. पाठवणाऱ्या मावशी मला प्रिय आहेत, आणि त्या हे वाचणार हेही मला ठाऊक आहे. तरी लिहितेच. मावशी, हे खोटं आहे. नुसतं चुकीचं नाही, आपल्याच संतांच्या बाबतीत खोटं आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी वसईची, नोकरी बँकेत, बदली भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात. सोबत दोन मुलं. नवरा नागपुरात, शनिवारी रात्री येतो. हा जिल्हा नागपूरच्या महाधर्मप्रांतात मोडतो, पण मिस्सेसाठी दर रविवारी बाहेरगावी जाणं काही जमत नाही. वसईत पहाटे घंटा ऐकून उठायची सवय. इथे उठवतो तो मागाचा खटखटाट... जिथे अजून माग उरलेत तिथे.

आता मुद्द्याकडे. छोटी तेरेजा आपल्या घराघरात आहे. तिची नोव्हेना होते, फोटोपुढे गुलाब ठेवतात, निम्म्या मुलींची नावं तिच्यावरून. पण तिची आई काय करायची, हे कितीजणांना माहीत आहे? झेली मार्टिन. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावात तिचा स्वतःचा लेसचा धंदा होता. लग्नाच्या पाच वर्षं आधी, 1853 मध्ये तिने तो सुरू केला. बायका आपापल्या घरी लेसचे तुकडे विणायच्या आणि झेली ते जोडून घ्यायची, ऑर्डरी सांभाळायची, पैशांचा हिशेब करायची. नऊ बाळंतपणं झाली, चार मुलं गेली, पाच मुली जगल्या. तेरेजा तान्ही असताना आजारी पडली, तेव्हा तिला वर्षभर खेड्यातल्या दाईकडे ठेवावं लागलं. आजच्या ग्रुपवर झेलीबाई असत्या तर त्यांना कोणते फॉरवर्ड आले असते याची कल्पना करा!

आणि नवरा? लुई घड्याळजी होता. 1870 मध्ये त्याने आपलं दुकान विकलं आणि बायकोच्या धंद्यात मदतीला लागला. हे वाक्य मी आमच्या घरच्या काकालोकांसाठी मुद्दाम पुन्हा लिहिते: दुकान त्याने विकलं. 18 ऑक्टोबर 2015 रोजी या दोघांना जोडीने संतपद मिळालं. नवरा-बायकोला एकत्र संत म्हणून जाहीर करण्याची ही पहिलीच वेळ. ज्या घरात आई कामात बुडालेली होती, त्याच घरात तेरेजा घडली. आता सांगा, नोकरीने जपमाळ थांबते का?

दुसरं नाव जियाना बेरेत्ता मोल्ला. ही इटलीतली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ. 1950 पासून मेसेरो गावात तिचा दवाखाना होता. 1955 मध्ये लग्न झालं, त्यानंतरही तिने दवाखाना सोडला नाही. चौथ्या बाळंतपणानंतर आठवड्याभरात, 1962 च्या एप्रिलमध्ये ती गेली, आणि 2004 मध्ये संत झाली. प्रवचनात तिचं नाव येतं तेव्हा फक्त तो शेवटचा आठवडा येतो. पोटातल्या बाळासाठी तिने जीव धोक्यात घातला हे मोठंच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्याआधीची सगळी वर्षं कुठे गेली? आईने मरावं हे आपल्याला पटकन समजतं. आई रोज सकाळी घर आवरून, स्टेथोस्कोप घेऊन बाहेर पडते, त्यात पावित्र्य बघायला मात्र आपण तयार नसतो.

आंधळगावात राहून माझा एक भ्रम तर पार गेला. 'पूर्वीच्या बायका घरी असायच्या' हा तो भ्रम. घरी असायच्या, पण रिकाम्या नव्हत्या. कोसल्यातून धागा काढणं, कांड्या भरणं, ही कामं इथल्या बायकांनी पोराला मांडीशी घेऊनच केली. करवती काठाची कोसा साडी दुकानात मोठ्या नावाने विकली जाते. तिच्यामागे अख्खं घर राबलेलं असतं, आणि नाव होतं ते विणकराचं. (यात फार रम्य काही नाही बरं का. मजुरी इतकी कमी असते की सगळ्यांनी राबल्याशिवाय भागत नाही.) शेजारच्या काकू मोहाडीच्या चौंडेश्वरीला मानणाऱ्या. त्यांनी एकदा मला विचारलं, "बाई, तुमच्या देवाले रविवारीच सुट्टी लागते काय?" मी हसले. पण प्रश्न अगदी नेमका होता.

कारण मला बळ मिळतं ते तिथूनच. चमत्काराच्या साक्षी माझ्याकडे नाहीत. मार्चमध्ये बँक रात्री नऊला सुटते, धाकट्याला ताप असतो, तेव्हा मी पाच रहस्यं म्हणत नाही. एक दशक म्हणते, कधी तेही झोपेत विरतं. पण तिसरी आज्ञा मला सांगते की थांब. नुसतं मलाच नाही. अनुवादाच्या पुस्तकात ही आज्ञा नीट वाचली तर तिथे दास-दासींनाही विसावा द्यायला सांगितलंय. म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना रविवारी भरपगारी सुट्टी असते आणि त्या दिवशी भांडी नवरा घासतो. मिस्सा गाठता येत नाही तेव्हा घरी शुभवर्तमान वाचतो, थोरली तिच्या पद्धतीने प्रवचन देते (फार कडक देते). धर्मगुरू नसेल किंवा तसंच गंभीर कारण असेल तर कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी, असं चर्चच्या कायद्यातच आहे, कलम 1248. मी पळवाट काढतेय असं कुणाला वाटलं तर त्यांनी ते वाचावं.

तुझी किंमत तुझ्या कामावर ठरत नाही, हे आठवड्यातून एकदा कुणीतरी अधिकाराने सांगावं लागतं. बँक ते सांगणार नाही. फॉरवर्डही सांगत नाहीत, ते तर घरकामाचं टार्गेट वाढवतात.

पण एक धोका दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि तो मला जास्त खुपतो. 'प्रार्थना कर, बळ मिळेल' हे वाक्य फार स्वस्त झालंय. जपमाळ म्हणजे पाळणाघर नव्हे. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. चार टेबलांच्या शाखेतल्या बाईला त्याचा काय उपयोग? तिला प्रार्थना सुचवण्याआधी कुणीतरी विचारावं की तुझी मुलं पाच वाजेपर्यंत कुणाकडे असतात. झेलीबाईंची पत्रं शिल्लक आहेत. त्यात देवावरचा भरवसा आहे, तसाच थकवा आहे आणि लेसच्या कामाचा वैतागही आहे. तिने तो लपवला नाही. मग आम्हीच का हसऱ्या चेहऱ्याने साक्षी द्यायच्या?

योसेफाचंही तेच. 1955 मध्ये पोप बारावे पायस यांनी 1 मे हा 'श्रमिक संत योसेफ' यांचा सण ठरवला. सुतारकाम करणारा बाप आपल्याला श्रमिक म्हणून पुजता येतो. त्याने काम केलं म्हणून येशू भरकटला असता, असं आजवर कुठल्या प्रवचनात ऐकलंय का?

मुलांना आई हवी असते, हे मला कुणी शिकवू नये. बापही हवा असतो. आणि शेजारच्या काकूही, ज्या आमच्या धर्माच्या नाहीत आणि तरी माझ्या धाकट्याला ताप आला की मी पोचेपर्यंत उशाशी बसतात.

तेव्हा मावशी, तुमच्या धर्मग्रामातल्या माता-मंडळाला माझा निरोप द्या. मी एका धर्मग्रामात असताना तिथली मातांची सभा मंगळवारी सकाळी अकराला भरायची आणि नोकरीवाल्या येत नाहीत म्हणून दरवर्षी खेद व्यक्त व्हायचा. तुमच्याकडेही वेळ तशीच असेल तर बदला. रविवारी मिस्सेनंतर ठेवा, अर्ध्या तासाची. आणि तेवढा वेळ पोरांना सांभाळायला दोन काकांना बसवा.