क्योतोची रथांची मिरवणूक बघायला जाताना

लेक-जावई नाहीतर मुलगा-सून जपानात असले, की जुलैत तिकडे निघालेल्या मैत्रिणी हल्ली बऱ्याच भेटतात. क्योतोची गियोनची मिरवणूक बघायचीच, असा त्यांचा बेत आधीच ठरलेला असतो. जरूर बघा! पण मला विचाराल तर नुसती १७ तारखेची सकाळ गाठून परत फिरू नका.

इ.स. ८६९ मध्ये जपानात साथीचा कहर झाला. तेव्हा देशाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून देवाला साकडं घातलं, तिथून हा उत्सव सुरू झाला. आपल्याकडे मरीआईचा गाडा गावाबाहेर नेतात ना, त्यातलाच भाव. आणि 'गियोन' हे नाव तर आपल्या श्रावस्तीच्या जेतवनावरून गेलेलं, बरं का! यासाका देवळाचा हा उत्सव जुलैभर चालतो. १७ ला २३ रथ निघतात, २४ ला ११. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली रथांची मिरवणूक निघाली नाही. साथ हटवण्यासाठीचा उत्सव साथीनेच अडवला म्हणायचा.

मोठ्या रथाचं वजन १२ टनांपर्यंत, शेंड्यापर्यंतची उंची पंचवीसेक मीटर, आणि सांगाडा बांधायला खिळा म्हणून नाही. सगळी बांधणी पेंढ्याच्या दोरांची. चाकं काही केल्या वळत नाहीत. म्हणून चौकात बांबूच्या पट्ट्या अंथरतात, त्यावर पाणी ओततात आणि चाळीस-पन्नास माणसं एका हाकेसरशी तो डोंगर बाजूला खेचतात. शिजो-कावारामाचीच्या चौकात हे बघायला मिळतं, पण गर्दी भयंकर. गुडघे दुखत असतील तर ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्ची मिळते, ती घ्यावी. तिथे काटकसर नको.

सगळ्यात पुढे असतो तो 'नागिनाता' रथ. त्यात नटूनथटून बसलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा देवाचा मानकरी असतो. रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर तो तलवारीने तोडतो आणि मगच मिरवणूक पुढे सरकते. १३ तारखेला त्याला मान मिळाला, की बाहेर जाताना त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. परंपरेप्रमाणे त्याचं खाणंपिणंही पुरुषांनीच बघायचं, आईचा हातसुद्धा लागायचा नाही! या रथावर बाईला आजही चढू देत नाहीत. आपल्याला हे नवीन नाही. तरी पोटच्या पोराला चार दिवस घास भरवायचा नाही, हे वाचून माझ्या पोटात कालवलंच. दुसऱ्या काही रथांवर मात्र आता बायका-मुली वाजवायला बसतात.

गंमत म्हणजे याच मिरवणुकीत नावेच्या आकाराचा एक रथ आहे. त्यात मूर्ती असते ती सम्राज्ञी जिंगूची. दिवस गेलेले असताना ती मोहिमेवर निघाली, अशी कथा. तिच्या अंगाभोवती कापडी पट्टे गुंडाळतात आणि नंतर ते गर्भवतींना सुखरूप बाळंतपणासाठी देतात. पहिल्या रथावर बाईला मज्जाव आणि मागच्या रथात गरोदर राणी! जाल तेव्हा हे दोन्ही रथ नीट बघून घ्या.

आणि म्हणूनच १६ ची संध्याकाळ चुकवू नका. त्या रात्री रथ कंदील लावून गल्लीत उभे असतात, आत घंटा, ढोल नि बासरी चालू. जुन्या घरांतून पिढीजात चित्रपडदे मांडतात, रस्त्यावरून दिसतील असे. मिरवणूक सकाळी येते नि जाते. घरं बघायची ती याच रात्री.

हवा दमट, घामाच्या धारा लागतात. सुती कपडे, पाण्याची बाटली, टोपी. छत्री उघडून मागच्यांचे शिव्याशाप घेऊ नका. शाकाहारी असाल तर चिवडा-लाडू जवळ ठेवा, कारण साध्या दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो. तिथले भाविक या महिन्यात काकडी खात नाहीत, कारण कापलेली चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते!

येताना 'चिमाकी' आणाच. बांबूसारख्या पानांची ती जुडी दारावर तोरणासारखी लावतात, इडापिडा टळावी म्हणून. याच नावाची मिठाईही असते, पण या जुडीत खायचं काही नसतं. तेव्हा नातवंडांनी सोडायच्या आत दारावर टांगा.