वजनकाट्याचा धसका नको

पोळी-भात वर्ज्य करून घटवलेले वजन तो आहार सोडताच आठवडाभरात एक-दोन किलोंनी वाढते आणि अनेक जण हताश होऊन पुन्हा उपासमारीकडे वळतात. माझ्या मते ही भीती अनाठायी आहे. कर्बोदके मिळताच यकृत व स्नायू ग्लायकोजेनचा रिता साठा भरून घेतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठते. किलोभर चरबी वाढण्यास मात्र सुमारे ७,७०० उष्मांक जादा लागतात. ग्लायकोजेन हे शरीराचे चालू खाते, तर चरबी ही मुदत ठेव! म्हणून पोळी-भात टप्प्याटप्प्याने, बेताने वाढवावा. मधुमेहींनी औषधांच्या मात्रेविषयी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निष्कर्ष काढावा तो महिनाभराच्या नोंदींवरून, एका सकाळच्या आकड्यावरून नव्हे.